ड्यूसचे श्राद्ध कशासाठी?

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना विटीदांडूतील ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ ही मोजणी आठवत असेल. शेजारच्या तेलुगू मुलाने ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ म्हटले की आमचे शब्द कोठून आले याचा उलगडा आपोआप होई. पुण्याकडील मुलेही हेच शब्द घोकीत; फरक इतकाच, की त्यांना त्यांचे मूळ ठाऊक नसे. या तेलुगू आकड्यांमुळे मराठी भ्रष्ट झाली, अशी हाकाटी कोणा पंडिताने केल्याचे आम्ही ऐकले नाही. पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीज पाहुणे तर स्वयंपाकघरापर्यंत येऊन बसले आहेत!

टेनिसचा प्रश्न निघाला म्हणजे मात्र आमच्या विद्वानांची बुद्धी फिरते. हैदराबादच्या सानिया मिर्झाने २०१५ साली मार्टिना हिंगिससह विंबल्डनचे महिला दुहेरीचे विजेतेपद पटकावले. असे सामने घरोघरी दिसतात, आणि मूल सरळ विचारते, “लव्ह म्हणजे काय हो, आजोबा?” यावर एक पक्ष म्हणतो, इंग्रजी आहे, पाठ कर. दुसरा पक्ष कोश उघडून ‘समगुणावस्था’ यासारखा एखादा अगडबंब शब्द घडवितो. दोघेही मुलाला अज्ञानात ठेवतात. पहिला आळसाने, दुसरा अभिमानाने. आणि आमच्या मते दुसऱ्याचा अपराध अधिक मोठा, कारण तो भाषाभक्तीच्या नावाखाली घडतो. तिसरा पक्ष भाषांतरयंत्रांचा. ती ‘लव्ह’चे ‘प्रेम’ करून मोकळी होतात!

देवळाच्या सभामंडपात पुराणिकबुवा काय करतात? श्लोक जसाच्या तसा म्हणतात आणि लगेच प्राकृतात त्याचा अर्थ उलगडतात. श्लोक टाकून देत नाहीत, अर्थही गिळत नाहीत. हीच रीत येथे का चालू नये?

लव्ह म्हणजे शून्य. अंड्याच्या फ्रेंच नावावरून तो आला असे कित्येक सांगतात, पैज न लावता नुसत्या हौसेने खेळण्यावरून आला असे दुसरे म्हणतात. वाद मिटलेला नाही. गुण १५, ३०, ४० असे चढतात. दोघेही चाळिसावर आले की ड्यूस. हा फ्रेंचमधील ‘दोन’ या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश होय, कारण तेथून गेम जिंकण्यास लागोपाठ दोन गुण हवेत. पैकी पहिला मिळाला की ॲडव्हांटेज. इंग्रजांनी फ्रेंच शब्द मोडूनतोडून घेतला, त्याचे शुद्धीकरण केले नाही, आणि त्यांचे काहीही बिघडले नाही. सर्व्हिसचा चेंडू जाळीला स्पर्शून योग्य चौकोनात पडला तर लेट. येथील ‘लेट’ म्हणजे उशीर नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ अडथळा. म्हणून ती सर्व्हिस पुन्हा करावयाची. दोन्ही संधी वाया गेल्या तर डबल फॉल्ट, आणि गुण प्रतिपक्षाला. चेंडू जमिनीवर टप्पा घेण्यापूर्वीच परतविला तर व्हॉली.

आम्ही सरसकट परभाषेचे वकील आहोत असे कोणी समजू नये. एकेरी, दुहेरी, उपांत्य फेरी, मानांकन हे शब्द आमच्या वृत्तपत्रांनी रुळविले आणि ते झकास आहेत. प्रतिस्पर्ध्याला स्पर्शही करता न येणाऱ्या ‘एस’ला ‘बिनतोड सर्व्हिस’ म्हणणारा अनामिक वार्ताहर तर आमच्या मते पुष्कळ कोशकारांहून थोर! त्याने अर्धा शब्द ठेवला, अर्धा दिला, आणि खेळ डोळ्यांपुढे उभा केला. सीमेवरच्या आमच्या मुलांना शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी आणि पडद्यावर इंग्रजी ऐकावी लागते. खेळाचा अर्थही त्यांना मराठीत कोणी सांगणार नसेल, तर घरातील मराठी केवळ आरतीपुरती उरेल, या भीतीने आम्ही हे लिहीत आहोत.

ज्यांना ‘समगुणावस्था’च हवी असेल त्यांनी पंचाच्या उंच खुर्चीवर बसून ती एकदा मोठ्याने उच्चारून पाहावी. तोवर पुढची सर्व्हिस होऊन गेलेली असेल.