इद्दत आणि मासिक सभा

गेल्या पावसाळ्यात घोड नदीकाठच्या एका गावातून आम्हाला निरोप आला, "सर, अम्मीने बोलावलंय. एक अर्ज लिहायचाय." निरोप आणणारा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. त्याची आई ग्रामपंचायत सदस्य, महिला राखीव जागेवर निवडून आलेली. वडिलांचा इंतकाल होऊन तीन महिने झाले होते.

आम्ही गेलो. भाभी पडद्याआडून बोलत होत्या. नवरा पुण्याच्या दवाखान्यात होता त्या दोन महिन्यांत त्यांना मासिक सभेला जाता आले नाही. मग इद्दत सुरू झाली, चार महिने दहा दिवसांची. दोन आणि चार सहा, वर दहा दिवस. विरोधी पॅनेलने हा हिशेब भाभींच्या आधीच करून ठेवला होता.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४० प्रमाणे जो सदस्य पंचायतीच्या परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहतो, त्याचे सदस्यत्व संपते. परवानगीशिवाय सलग चार महिन्यांपेक्षा जास्त काळ गावाबाहेर राहिले, तरी तेच. (माहेरी इद्दत काढणाऱ्या सदस्य भगिनींनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. चार महिने दहा दिवस म्हणजे चार महिन्यांपेक्षा जास्तच.)

खासदार-आमदारांनाही गैरहजेरीचा नियम आहे. राज्यघटनेच्या कलम १०१ आणि १९० नुसार कुणी परवानगीशिवाय साठ दिवस एकाही बैठकीला आला नाही, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचे जाहीर करू शकते. अधिवेशन संपल्यानंतरचे दिवस आणि सलग चार दिवसांपेक्षा मोठ्या तहकुबीचे दिवस त्यात धरत नाहीत. शिवाय 'करू शकते' असे आहे, म्हणजे सभागृहाच्या मनात आले तर. २००० साली राज्यसभेने पंजाबी दैनिक 'अजीत'चे संपादक बरजिंदरसिंग हमदर्द यांची जागा अशी रिकामी केली. पण असे क्वचितच घडते, कारण मोठ्या लोकांची रजा वेळेवर मंजूर होते. २०१४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या गैरहजेरीवर राज्यसभेत ओरड झाली. त्याने भावाच्या शस्त्रक्रियेचे कारण दिले, रजा मिळाली. खासदार अमृतपाल सिंग दिब्रुगडच्या तुरुंगात असताना त्यांनाही २०२५ मध्ये लोकसभेने ५४ दिवसांची रजा दिली. साठाला सहाच कमी!

गावच्या सदस्याला मात्र असा 'करू शकते' नाही. सहा महिने भरले की संपले. आपल्या आंबेगावचे दिलीप वळसे पाटील २००९ ते २०१४ विधानसभेचे अध्यक्ष होते. तालुक्याने राज्याला अध्यक्ष दिला, पण सभेची रजा मागायची असते हे वॉर्डाच्या सदस्याला कुणी सांगत नाही.

भाभींना दोन सोपे मार्ग सुचवले गेले होते. एक, दीर जाऊन बसेल. पण दिराच्या बसण्याने भाभींची हजेरी लागत नाही, हे सुचवणाऱ्यालाही ठाऊक असावे. दुसरा, रजिस्टर घरी पाठवतो, सही करा. हे आपल्याकडे सर्रास चालते. भाभी म्हणाल्या, "जो मीटिंग देखीच नई, उसपे सही कैसी करूँ?" आम्ही गप्प झालो. खरे सांगायचे तर आमच्याही मनात तोच मार्ग डोकावून गेला होता.

अर्ज सरपंचांच्या नावे लिहिला. दवाखान्याचे दोन महिने, इंतकालची तारीख, इद्दत कधी संपते ती तारीख, सगळे स्पष्ट. दोन प्रती केल्या, एकीवर तारखेसह पोच घेतली. मुलाला बजावून सांगितले की अर्ज दिला म्हणजे रजा मिळाली असे नाही. रजा पंचायत देते, म्हणून सभेत ठराव झाला पाहिजे आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला पाहिजे. आलिमांनाही विचारायला सांगितले, कारण गरजेसाठी विधवेने दिवसा बाहेर पडण्याची मुभा कित्येक उलमा देतात. भाभींनी विचारले, आणि घरीच राहायचे ठरवले. तो त्यांचा निर्णय.

पुढच्या सभेत वाद झाला. "इद्दत हे काय कारण आहे का?" असे एकजण म्हणाला. त्याला उत्तर दिले ते एका म्हाताऱ्या मराठा सदस्याने, "तुझ्या घरात दहावं-तेरावं झालं तेव्हा सभा पुढं ढकलली होती की नाही?" पाच विरुद्ध तीन मतांनी रजा मंजूर झाली.

इद्दत संपल्यावर पहिल्याच सभेला भाभी गेल्या. वॉर्डातल्या नळाचा विषय त्यांनी काढला. तो सहा महिने तसाच पडून होता, दुसऱ्या कुणी काढलाच नव्हता.