हाक देवाची, भाकर कोणाची?

परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा १९७६ साली आला, २०१० साली तो नव्याने करण्यात आला आणि २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. निधी स्वीकारण्यासाठी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खाते उघडणे सक्तीचे झाले. याची झळ सर्वच स्वयंसेवी संस्थांना बसली; परंतु ख्रिस्ती मंडळ्यांपुढे या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. देवाचे पाचारण मानून धर्मसेवेला निघालेल्या माणसाची भाकर कोणी पुरवायची?

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात एकदा थेट विचारला गेला होता. आंतरराष्ट्रीय मिशनरी कौन्सिलचे अध्यक्ष जॉन मॉट १९३८ च्या अखेरीस, मद्रासजवळच्या तांबरम येथील जागतिक मिशनरी परिषदेला जाण्यापूर्वी, सेगावला गांधीजींना भेटले. हेच सेगाव १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. मिशनच्या कार्यात पैशाचे स्थान काय असावे, असे मॉट यांनी विचारले. ‘हरिजन’मध्ये त्या संवादाचा वृत्तांत आहे. धार्मिक संस्थेकडे गरजेपेक्षा अधिक पैसा आला की तिची श्रद्धा देवावरून पैशावर सरकते, असा गांधीजींच्या उत्तराचा आशय होता. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या मोर्चात खिसा रिकामा असताना आपण निर्धास्त होतो आणि हिंदुस्थानातून पैसा येऊ लागला तेव्हाच मनस्ताप सुरू झाला, असेही त्यांनी सांगितले.

या उत्तराला दुसरी बाजू आहे, आणि तीही वर्ध्यातच दिसते. गांधीजींच्या संस्थांना पैसा लागतच होता व त्याचा मोठा भार जमनालाल बजाज उचलत होते. ग्रामोद्योग संघाचे ठाणे झालेली मगनवाडी ही त्यांचीच देणगी. त्या संघाचे सूत्रचालक जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. कोणत्याही मिशनचे वेतन न घेता त्यांनी येशूच्या शिकवणीचा अर्थ ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या कामात शोधला आणि कारावासात असताना त्यावर पुस्तकही लिहिले. तेव्हा फरक पैसा असणे वा नसणे एवढाच नव्हता. दाता त्याच गावचा होता, काम त्याच्या डोळ्यांसमोर चालत होते आणि काम करणाऱ्याचे राहणीमान चार लोक रोज पाहत होते.

दाता दूर गेला की संशय जवळ येतो. वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना, १९५४ साली, त्या सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालात परदेशी पैसा हाच आक्षेपाचा एक मुख्य मुद्दा होता. ख्रिस्ती समाजाने तो अहवाल एकांगी ठरवला. पण त्यातील संशय आजतागायत मावळलेला नाही. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात, राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार येत नाही, असा निर्वाळा दिला.

मात्र या संशयात एक अन्याय दडलेला आहे. गरीब माणूस धर्म बदलतो तो केवळ विकत घेतला गेल्यामुळे, हे गृहीत धरले की त्या माणसाची विवेकबुद्धीच नाकारली जाते. खुद्द गांधीजींनी मॉट यांच्याशी १९३६ मधील संभाषणात अस्पृश्यांच्या आकलनाविषयी गाईची उपमा वापरली होती आणि ती त्या काळीही अनेकांना झोंबली. तिचे सर्वांत मोठे उत्तर शेजारच्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी मिळाले. डॉ. आंबेडकरांसोबत बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या लाखोंना कोणी विकत घेतले नव्हते.

परावलंबनाची ही कोंडी ख्रिस्ती समाजातील जाणत्यांनीही ओळखली होती. १९०५ साली सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीने माणसे, पैसा आणि नेतृत्व ही तिन्ही भारतीय असावीत, हे तत्त्व स्वीकारले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. मिझोरममध्ये तर घरोघरच्या स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीला देतात. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत त्या तांदळावर कितीतरी धर्मसेवकांचा संसार चालला.

ही मूठ वर्ध्यालाही अपरिचित नाही. पवनारच्या विनोबांनी १९५६ साली भूदानाचे काम केंद्रीय निधीच्या आधारापासून मुक्त केले. त्याला त्यांनी ‘निधिमुक्ती’ म्हटले. पुढे ‘सर्वोदय पात्रा’त घरातील मुलाच्या हातून मूठभर धान्य टाकण्याची रीत त्यांनी सुचवली. बायबलमधील वचनांचे ‘ख्रिस्तधर्म सार’ संकलित करणाऱ्या विनोबांचा आणि मिझो गृहिणीचा मार्ग येथे एकच ठरतो. ज्याला घरची मूठ मिळते, त्याला घराला हिशेब द्यावा लागतो.

अर्थात केवळ मुठीवर रुग्णालय चालत नाही, हे मान्य करायला हवे. कुष्ठरोग्यांची शुश्रूषा, शस्त्रक्रिया, वसतिगृहे यांना मोठा निधी लागतो आणि तो कायद्याच्या चौकटीत उघडपणे घेण्यात गैर काही नाही. परंतु पाळकाचा आणि प्रचारकाचा निर्वाह ही वेगळी बाब आहे. प्रेषित पौलाने सुवार्ता सांगणाऱ्याचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा, असे मांडले आणि स्वतः मात्र तंबू करून पोट भरले. मंडळीची जबाबदारी आणि सेवकाचे स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

म्हणूनच शहरातील सुस्थित मंडळ्यांनी पाचारणाविषयीच्या उपदेशाबरोबर आपला जमाखर्चही पाहायला हवा. खेड्यात गेलेल्या धर्मसेवकाच्या मुलांचे शिक्षण, घरातील आजारपण आणि म्हातारपण यांची तरतूद नसेल, तर त्याच्या त्यागाची स्तुती ही सोयीची पळवाट ठरते. ज्या मंडळीला आपल्या सेवकाला पोसावेसे वाटत नाही, तिने त्याला मिळालेली हाक खरी मानली आहे काय, हा प्रश्न सरकारच्या कोणत्याही कायद्यापेक्षा अधिक अवघड आहे.