आयर्लंडचा कौल आणि दिल्लीचे मौन

मालवण तालुक्यातील वराड हे लिओ वराडकर यांचे मूळ गाव. वडील मुंबईहून गेलेले हिंदू डॉक्टर, आई आयरिश कॅथलिक. मुलगा वाढला तो चर्चच्या संस्कारात. २०१० मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीचे विधेयक आयर्लंडच्या संसदेत आले, तेव्हा या तरुण खासदाराने त्याला पाठिंबा दिला. मात्र प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोघेही लाभावेत, असा त्याचा आग्रह होता. पाचच वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, आरोग्यमंत्री वराडकर यांनी आपण समलिंगी असल्याचे रेडिओवर जाहीर केले आणि ते विवाहहक्काच्या प्रचारात उतरले. २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी होकार दिला. २०१७ मध्ये वराडकर पंतप्रधान झाले.

हा कौल धर्मविरोधी होता काय? २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के आयरिश नागरिक कॅथलिक होते. अर्थात, होकार देणाऱ्यांत श्रद्धावंत मोठ्या संख्येने होते. त्यांनी चर्चची वेदी आणि सरकारची विवाहनोंदवही यांत भेद केला, इतकेच. कायद्यानेही कोणत्याही धर्मगुरूवर असे विवाह लावण्याची सक्ती केलेली नाही. २०२२ मध्ये कॅथलिकांचे प्रमाण ६९ टक्क्यांवर आले, हे खरे. परंतु त्याचा दोष या कायद्यावर टाकताना, धर्मसंस्थांतील बाललैंगिक अत्याचारांवरील २००९ च्या चौकशी अहवालांनी गमावलेला विश्वास विसरता येत नाही.

भारतात हा भेद १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने केव्हाच केला आहे. तरीही १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचा प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. शिधापत्रिका, बँक खाते, रुग्णालयातील संमती अशा व्यवहारांसाठी केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सोयी देणे प्रशासनाच्या हाती आहे. नात्याला दर्जा देणे मात्र संसदेचेच काम.

वराडकर यांचे मत बदलले, तेव्हा त्यांच्या देशात त्या प्रश्नावर उघड चर्चा सुरू होती. भारतीय तरुणाच्या मनातही श्रद्धा आणि समता यांचा झगडा असेल, तर त्याला निदान वाद ऐकू यावा. नकारच द्यायचा असेल, तर तोही सभागृहात, कारणांसह दिला जावा. कारण न्यायालयाने संसदेकडे विषय सोपवला आहे तो निर्णयासाठी, मौनासाठी नव्हे.