भाभी, या ईदला खरं सांगा

मागच्या रमजानात मी नैराश्याची गोळी परस्पर बंद केली. रोजे आहेत, इबादत आहे, आता गोळी कशाला, असं वाटलं. पंधराव्या-सोळाव्या रोजापर्यंत झोप उडाली आणि ईदच्या सकाळी नमाजला जायलाही उठवेना. बाहेर शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेलो. भाभींनी पाहुण्यांना सांगितलं, "त्याला ॲसिडिटी झालीय." ॲसिडिटी सांगायला आपल्याला लाज वाटत नाही!

मधुमेहाचा रुग्ण रमजानआधी डॉक्टरांना गोळ्यांच्या वेळा विचारतो, त्यात कुणाला ईमान कमी दिसत नाही. मनाच्या आजाराला मात्र 'सब्र करो, नमाज पढो' एवढंच औषध. अहो, नमाज मी पढतच होतो. कुरआनात सूरह अल-बकरामध्ये (आयत १८४, १८५) आजारी माणसाला रोजे नंतर भरून काढायची मुभा आहे. तो आजार शरीराचाच हवा, असं तिथं कुठं म्हटलंय?

यंदा शाबानमध्येच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी गोळी इफ्तारनंतर घ्यायला सांगितली. (लिथियम घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये, दिवसभर पाणी नसलं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं.) दवाखान्याची पायरी चढायला संकोच वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. पैसे पडत नाहीत.

भाभींना मात्र सांगून ठेवलंय, ईदला कुणी माझी चौकशी केली तर ॲसिडिटी सांगू नका.