मनोऱ्यापर्यंतची वाट

वाचकहो, नभोवाणीचा उंच मनोरा दिसला की आपली दृष्टी त्याच्या टोकाशी जाते. परंतु प्रक्षेपक यंत्र असते खाली, खोलीत. तेथे सिद्ध झालेली शक्ती वरच्या अँटेनापर्यंत पोहोचविते ती केबल. तिची वास्तपुस्त मात्र आपण क्वचितच करतो.

या कामी एखादी साधी तार का चालू नये? आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, एफ. एम. प्रक्षेपणात हीच संख्या सुमारे दहा कोटी असते. इतक्या वेगाने आंदोलणारी शक्ती उघड्या तारेत बंदिस्त राहत नाही. ती वाटेतच अवकाशात पसरू लागते. म्हणून मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती विद्युत्‌रोधक थर आणि त्यावर धातूची जाळी अथवा नळी अशी रचना करतात. लहरींचा प्रवास या दोन धातूंमधूनच होतो. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये अशा केबलचे पेटंट घेतले होते.

प्रत्येक केबलीचा एक ठरावीक संरोध असतो. प्रक्षेपकासाठी बहुधा ५० ओहमची, तर दूरचित्रवाणी संचासाठी ७५ ओहमची केबल वापरतात. हा आकडा लांबीवर अवलंबून नसून आतील तार व बाहेरील आवरण यांच्या व्यासांचे प्रमाण आणि मधला थर यांवर ठरतो. अँटेनाचा संरोध याच्याशी जुळला नाही, तर भिंतीला बांधलेल्या दोरीला दिलेला हेलकावा जसा परत येतो, तशी काही शक्ती मागे फिरते. ती फार झाली तर प्रक्षेपकाचे भाग तापून निकामी होऊ शकतात. यासाठीच परतणारी शक्ती मोजणारे मापक तेथे बसविलेले असते.

सांध्यात पाणी शिरले तरी हेच संकट ओढवते. तांबे गंजते आणि शक्ती वाटेतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वादळाची सूचना ऐन वादळात ऐकू यावयाची, तर वीतभर लांबीचा हा सांधाही कोरडा राहिला पाहिजे.

आपल्या गच्चीवरील डिश अँटेनाची केबलही याच जातीची आहे. पावसाळ्यापूर्वी तिचे सांधे जलरोधक पट्टीने घट्ट गुंडाळावेत. केबल घरात शिरते तेथे तिला खाली झुकलेला एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी आत न ओघळता बाहेरच ठिबकेल.