हाताला लागणारा गंज

वापरात नसलेले लोखंड गंजते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते लोखंड जोडणारा हातही तसाच गंजतो, हे मात्र त्या हाताच्या धन्यालाच कळते. तेही उशिरा, नव्या कामावरच्या परीक्षेत नळीचा तुकडा नापास होऊन समोर पडतो तेव्हा.

आपल्याकडे पदवी ही एकदा मिळवायची आणि जन्मभर भिंतीवर लावायची वस्तू आहे. आयटीआयचा संधाता, म्हणजे वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला की मिळणारे प्रमाणपत्रही जन्मभराचेच असते. पण कारखान्यात, रिफायनरीत किंवा पाइपलाइनवर जायचे तर त्या कागदाने फक्त दारापर्यंत जाता येते. आत वेगळी परीक्षा असते. पंचेचाळीस अंशांत तिरपी बांधलेली नळी न फिरवता, स्वतः तिच्याभोवती वाकून, प्रसंगी उताणे होऊन जोडायची. मग तो जोड वाकवून किंवा एक्स-रे काढून पाहतात. पास झालात तर त्या पद्धतीच्या कामाला तुम्ही लायक ठरता. या लायकीला मात्र मुदत असते. दाबाच्या टाक्या आणि बॉयलरसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी संहितेप्रमाणे, त्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंग केले नाही तर ती संपते. युरोपात रुजलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही दर सहा महिन्यांनी जबाबदार माणसाने सही करून ‘हा काम करतो आहे’ असे नोंदवावे लागते.

हा नियम अन्यायाचा आहे, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वैमानिकाला प्रवासी घेऊन उडायचे तर मागच्या नव्वद दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवून उतरवलेले असावे लागते, आणि आपण त्याबद्दल कुरकुर करत नाही. उच्च दाबाच्या वाफेची नळी फुटली तर समोरच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. भिंगारकरांना तर हे समजावून सांगायला नको. रणगाड्यांच्या दलाचे प्रशिक्षण केंद्र शेजारी असलेले हे छावणीचे गाव. लढाई नसली तरी सराव थांबत नाही, हे येथे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर दिसत आले आहे. हत्यार चालवणारा हात रिकामा ठेवायचा नाही, हा लष्कराचा साधा हिशेब आहे.

फरक एवढाच, की जवानाच्या सरावाची गोळी सरकार देते. बेकार वेल्डरच्या सरावाचा रॉड कुणी द्यायचा?

खरी अडचण इथे आहे. या धंद्यात काम सलग नसतेच. सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, तो हा जिल्हा. कारखान्यांची मोठी दुरुस्ती गाळप संपल्यावर, उन्हाळ्या-पावसाळ्यात निघते. बॉयलरच्या नळ्या बदलणे, गंजलेले पत्रे काढणे हे सगळे तेव्हाचे. दिवाळीच्या आसपास धुराडे पेटले की ठेकेदाराकडच्या वेल्डरचे काम आटोपते, ते पुन्हा गाळप संपेपर्यंत. म्हणजे मुदत सहा महिन्यांची आणि रिकामपणही जवळपास तेवढेच! रिफायनरीच्या शटडाउनवर जाणाऱ्यांची तऱ्हा वेगळी नाही. महिना-दीड महिना रात्रंदिवस काम, आणि मग घर. २०२० च्या मार्चअखेरीस देश बंद झाला तेव्हा ज्याने शेवटचा जोड मार्चच्या मध्यात टाकला होता आणि पुढे काम मिळाले नाही, त्याची मुदत सप्टेंबरच्या मध्यात आपोआप भरली. त्यात त्याचा दोष काय होता?

‘मग तोवर ग्रिलच्या दुकानात काम करावे,’ असा सल्ला घरोघरी दिला जातो. पोट भरायला तो ठीक आहे. होल्डर तोच, रॉडही त्याच जातीचा. पण ग्रिलच्या पातळ पट्टीला चार टाके मारणे आणि जाड नळीचा तळातला पहिला थर आरपार, एकसारखा बसवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आर्गनच्या कामाचा सराव तर तिथे होतच नाही. शिवाय त्या दुकानात नोंद ठेवणारे कुणी नसते. संहितेला नुसते काम पुरत नाही. ज्या कंपनीने परीक्षा घेतली तिच्या देखरेखीखाली झालेले काम हवे असते. म्हणूनच नवी कंपनी बहुधा नव्याने परीक्षा घेते. तेव्हा, वाचकहो, रिकाम्या काळात जपायच्या गोष्टी दोन : एक हात आणि दुसरी नोंद.

हाताची सोय करणे अवघड नाही. गावोगावच्या आयटीआयमध्ये वेल्डिंगचे कक्ष आहेत, यंत्रे आहेत, निदेशक आहेत. सुटीच्या दिवशी त्यांना कुलूप असते. महिन्यातून दोन रविवार ते कुलूप बाहेरच्या वेल्डरांसाठी उघडावे. नाममात्र फी घ्यावी. नळ्यांचे टाकाऊ तुकडे नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून आणि साखर कारखान्यांतून मिळू शकतील. निदेशकाने तारीख, पद्धत, जोडाची स्थिती लिहून सही द्यावी. ही सही संहितेच्या सहीची जागा घेणार नाही, हे खरे. पण नव्या ठिकाणी परीक्षेला उभ्या राहणाऱ्या माणसाचा हात चालता आहे, एवढे ती नक्की सांगेल. आणि परीक्षा देताना तो हात कापणार नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

नोंदीची जबाबदारी ठेकेदारावर टाकली पाहिजे. काम संपल्यावर हिशेबाचे पैसे देतात, तशीच परीक्षेच्या निकालाची आणि केलेल्या कामाची प्रत कामगाराच्या हाती द्यावी. आज ती बहुधा कंपनीच्या फायलीत पडून राहते आणि माणूस कोऱ्या हाताने घरी येतो. खर्च एका झेरॉक्सचा, पण अनेक ठिकाणी तेवढेही होत नाही. कामगारानेही ती मागायला लाजू नये. घरात रेशनकार्ड आणि पोरांच्या गुणपत्रिका ज्या फायलीत ठेवतो, तिच्यातच ती ठेवावी.

शेवटी घरच्या माणसांना सांगायचे आहे. रिकामा बसलेला मुलगा मित्राच्या दुकानात जाऊन स्वतःच्या पैशाने रॉड जाळत असेल, तर ‘मिळकत नाही आणि वर उधळपट्टी’ असे म्हणण्याआधी थोडे थांबा. गवई मैफल नसतानाही रियाज करतो, त्याला आपण साधना म्हणतो. काच तोंडावर धरून भंगारातल्या नळीवर तास घालवणाऱ्यालाही तोच शब्द लागू पडतो. हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे, असे आपण म्हणतो खरे. पण हात फिरता राहावा म्हणून त्याला जागा आणि चार रॉड देण्याची वेळ येते, तेव्हा समाज म्हणून आपण कुठे असतो?