मानांकनाचें कुळशील

खेळाच्या मैदानावर कोणी कोणाचें कुळशील विचारीत नाहीं, असा एक गोड समज सुशिक्षित घरांतून रूढ आहे. जो चांगला खेळेल तो जिंकेल आणि जो जिंकेल तो पुढें जाईल, इतकाच खेळाचा कायदा असतो, असें आपण मुलांस सांगतों. युरोपांतील क्लबांच्या फुटबॉल स्पर्धांस हा समज लावून पाहिला म्हणजे मात्र निराशा होते. या स्पर्धांचे सामने आपल्याकडेही पुष्कळ घरांतून मध्यरात्रीनंतर जागून पाहिले जातात, आणि कोणाची गांठ कोणाशीं पडली यावर सकाळीं चहाच्या वेळीं कडाक्याचे वाद होतात. ती गांठ बांधली कशी जाते, हें वाद घालणारांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. आमचें स्पष्ट म्हणणें असें कीं, ज्या मानांकन-पद्धतीनें हे संघ लहानमोठे ठरविले जातात ती गुणवत्तेचें माप म्हणून मिरविली जात असली, तरी वस्तुतः ती वारसाहक्काची वही आहे. आणि ही वही ठेवणारी ‘युएफा’ ही युरोपची फुटबॉल संघटना त्याच वहीवरून पैसेही वांटते, हें त्याहून वाईट आहे.

मूळची व्यवस्था अशी नव्हती. १९५५ सालीं ‘लेकिप’ या फ्रेंच वृत्तपत्राच्या पुढाकारानें युरोपियन कप सुरू झाला. पुढें कित्येक वर्षें त्याचा थाट साधा होता: देशोदेशींच्या विजेत्यांनीं यावें, चिठ्ठीनें ज्याच्याशीं गांठ पडेल त्याच्याशीं दोन सामने खेळावे, हरेल त्यानें घरीं जावें. १९७८ सालीं लिव्हरपूल हा लागोपाठ दोन वर्षें कप जिंकलेला संघ पहिल्याच फेरींत नॉटिंगहॅम फॉरेस्ट या आपल्याच देशांतील संघापुढें आला आणि बाहेर पडला. फॉरेस्टनें त्या हंगामांत कप जिंकलाच, पुढल्या हंगामांतही राखला. १९८७ सालीं रेआल माद्रिद आणि मॅराडोनाचा नापोली यांची गांठ अशीच पहिल्या फेरींत पडली; इटलीचा विजेता सप्टेंबर संपतांच स्पर्धेबाहेर गेला. हा प्रकार मिलानचे मालक बेर्लुस्कोनी यांच्यासारख्या धनिकांस मुळींच रुचला नाहीं. एवढा पैसा ओतून उभा केलेला संघ दोन सामन्यांत घरीं बसावा, हा त्यांच्या मतें व्यवहार नव्हे. खेळ म्हणजे व्यवहार हें एकदां गृहीत धरलें, तर त्यांचें चुकलें असें कोण म्हणेल? १९९२ सालीं त्या कपाचें नांव ‘चॅम्पियन्स लीग’ झालें, पुढें एकेका देशाचे दोन, तीन, चार संघ त्यांत शिरले, आणि विजेत्यांच्या म्हणविणाऱ्या स्पर्धेंत विजेते नसलेल्यांचीच भरती झाली.

आतां वहीची रीत पाहूं. ‘युएफा’ दोन खातीं ठेवते. एक देशाचें, दुसरें क्लबाचें. मुख्य स्पर्धेंतील विजयास २ गुण, बरोबरीस १; पात्रता-फेऱ्यांत देशाच्या खात्यावर याच्या निम्मे. एका देशाच्या सर्व क्लबांनीं हंगामांत मिळविलेल्या गुणांस त्या क्लबांच्या संख्येनें भागावयाचें, आणि अशा पांच हंगामांच्या भागाकारांची बेरीज करावयाची. हा देशाचा गुणांक. कोणत्या देशाचे किती संघ येणार आणि त्यांनीं कोणत्या फेरीपासून खेळावयाचें, हें त्यावरून ठरतें. या भागाकारांत न्यायबुद्धि आहे हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. ज्याचे सात-आठ संघ आहेत त्यास केवळ संख्येचा फायदा मिळूं नये, हा हेतु उघड आहे.

परंतु क्लबाच्या खात्याकडे वळतांच ही न्यायबुद्धि आटते. क्लबाचा गुणांक म्हणजे त्यानें स्वतः पांच हंगामांत मिळविलेले गुण, किंवा त्याच्या देशाच्या गुणांकाचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल तें. २०२४ सालीं स्पेनचा गिरोना हा संघ युरोपीय स्पर्धेंत प्रथमच आला. त्यापूर्वीं त्यानें या स्पर्धांतून एकदांही चेंडूस पाय लावलेला नव्हता; तरी त्याच्या खात्यावर जवळजवळ १८ गुण होते. त्याच वर्षींचा ऑस्ट्रियाचा विजेता स्टुर्म ग्राझ आधींचे कित्येक हंगाम युरोपांत झगडलेला. त्याच्या नांवावर साडेचौदाच. गिरोनाचे गुण मग कोणाचे? माद्रिदचे, बार्सिलोनाचे, सेव्हियाचे. शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलगा परीक्षेंत पहिला आला म्हणून आमच्या मुलास वरच्या बांकावर बसवावें, तसा हा प्रकार आहे.

प्रवेशाबद्दलचे गुण याहून गमतीचे. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरींत पाऊल टाकतांच पूर्वीं ४ गुण मिळत, २०२४ पासून ६ मिळतात. २०२४-२५ च्या हंगामांत स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा आणि यंग बॉइज हे संघ आठांपैकीं आठही सामने हरले. तरी तीन विजयांइतके गुण त्यांच्या पदरीं पडलेच. त्या दोघांचा आम्हांस हेवा वाटत नाहीं. बिचारे पात्रता-फेऱ्या खेळून आलेले होते. परंतु ज्या देशांस चार-चार जागा आधींच राखून ठेवलेल्या आहेत त्यांच्या घरीं ही ओवाळणी दरवर्षीं चार ताटांनीं जाते. भागाकारानेंही तिचें वजन पुरतें उतरत नाहीं, आणि तिच्याच बळावर पुढल्या वर्षांच्या जागा शाबूत राहतात.

या पद्धतीचा खरा विपरीतपणा पाहावयाचा तर २०१२ सालची वाटणी पाहावी. त्या वेळीं ३२ संघ गुणांकाच्या क्रमानें चार भांड्यांत घालीत, आणि प्रत्येक भांड्यांतून एकेक चिठ्ठी काढून चौघांचा एक गट करीत. पहिल्या भांड्यांतील संघास त्याच भांड्यांतला दुसरा संघ गटांत भेटत नसे. मानांकनाचा लाभ तो एवढाच, पण मोठा. त्या वर्षीं बोरुसिया डॉर्टमुंड हा जर्मनीचा लागोपाठ दोन वर्षांचा विजेता होता. त्यास टाकलें चौथ्या भांड्यांत. युव्हेंटस हा संघ इटलींत अडतीस सामन्यांपैकीं एकही न हरतां विजेता झालेला. तो तिसऱ्या भांड्यांत. आणि इंग्लंडांत तिसरा आलेला आर्सेनल पहिल्या! परिणाम असा झाला कीं, रेआल माद्रिद, मँचेस्टर सिटी, अयाक्स आणि डॉर्टमुंड, म्हणजे स्पेन, इंग्लंड, हॉलंड व जर्मनी यांचे त्या वर्षींचे चार विजेते, एकाच गटांत कोंबले गेले. ज्या आपत्तीपासून स्पर्धेचें रक्षण व्हावें म्हणून मानांकन आणलें, नेमकी तीच त्यानें ओढवून घेतली. चौथ्या भांड्यांतला डॉर्टमुंड त्या गटांत पहिला आला आणि २५ मे २०१३ रोजीं वेम्ब्लीवरील अंतिम सामन्यांत बायर्नशीं अवघ्या एका गोलानें हरला. इंग्लंडचा विजेता गटांत एकही सामना न जिंकतां तळाला राहिला.

ही स्थिति संघटनेच्याही ध्यानांत आली असावी. २०१५ पासून वरच्या क्रमाच्या देशांचे विजेते पहिल्या भांड्यांत घालण्याचा नियम झाला. त्यामुळें रेआल माद्रिद दुसऱ्या भांड्यांत गेला. तरी त्या हंगामाचा कप त्यानेंच जिंकला. पुढल्या वर्षीं लेस्टर सिटी हा इंग्लंडचा अनपेक्षित विजेता पहिल्या भांड्यांतून खेळला, गटांत पहिला आला व उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचला. मोठ्यांचें कांहीं बुडालें नाहीं आणि नव्यांस त्यांचा मान मिळाला. इतकी बरी चाललेली रीत २०२४ सालीं मोडली. ३६ संघांची नवी साखळी आली, आणि कपविजेत्यास तेवढें अग्रस्थान देऊन बाकीच्यांस पुन्हां गुणांकानेंच भांड्यांत ओतलें. बायर लेव्हरकूझन हा चौतीस सामन्यांत अपराजित राहिलेला जर्मनीचा विजेता दुसऱ्या भांड्यांत गेला, आणि त्याच जर्मनींत चौथा व पांचवा आलेले लाइप्झिग व डॉर्टमुंड पहिल्या. मैदानानें काय निकाल दिला? लेव्हरकूझन सहावा, चौथ्या भांड्यांतला अ‍ॅस्टन व्हिला आठवा, आणि लाइप्झिग छत्तिसांत बत्तिसावा!

यावर कोणी म्हणेल कीं, नव्या साखळींत प्रत्येकास चारही भांड्यांतील दोन-दोन संघांशीं खेळावें लागतें. तेव्हां कोण कोणत्या भांड्यांत, याला आतां फारसा अर्थ नाहीं. हें बव्हंशीं खरें आहे. मग लेव्हरकूझनला त्याचा मान देण्यांत खर्च तरी काय होता? दुसरा आक्षेप असा कीं, एका वर्षाचें यश काकतालीय असूं शकतें, पांच वर्षांचा हिशेब अधिक भरंवशाचा. चौतीस सामन्यांत एकदांही न हरणें हें ज्यांस काकतालीय वाटतें त्यांच्याशीं वाद घालण्याची आमची तयारी नाहीं. मानांकनाला आमचा सरसकट विरोध नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. साखळी संपल्यावर पहिले आठ संघ थेट पुढें जातात, नववा ते सोळावा यांस सतरावा ते चोविसावा यांच्याशीं खेळावें लागतें. हें मानांकन त्याच हंगामांत कमावलेलें असतें, म्हणून तें आम्हांस मान्य आहे. २०२५ सालीं साखळींत पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला पंधराव्या आलेल्या पॅरिसनें पुढें बाद केलें व कपही नेला, त्यांत कोणावर अन्याय झाला असें आम्हांस वाटत नाहीं. टेनिसमध्येंही मानांकन असतें. तें बावन्न आठवड्यांच्या हिशेबावर चालतें, आणि देशबंधु जिंकला म्हणून तेथें कोणाच्या नांवावर गुण चढत नाहींत.

आमचें मुख्य गाऱ्हाणें पैशाचें आहे. २०१८ ते २०२१ या तीन हंगामांत चॅम्पियन्स लीगच्या वाटणींतील शेंकडा ३०, म्हणजे दरसाल सुमारे ५८ कोटि ५० लक्ष युरो, दहा वर्षांच्या कामगिरीच्या क्रमानें वांटले जात. ३२ संघांतील शेवटच्यास एक वांटा, त्याच्या वरच्यास दोन, असें चढत पहिल्यास बत्तीस. शेवटच्याच्या हातीं सुमारे ११ लक्ष, पहिल्याच्या हातीं ३ कोटि ५४ लक्ष. आणि हा निवाडा हंगामाचा पहिला चेंडू हालण्यापूर्वीं झालेला! त्या हिशेबांत पूर्वींच्या कपांबद्दलही जादा गुण धरलेले असत. २०२४ पासून या रकमेस दूरचित्रवाणीच्या बाजारभावाशीं जोडून ‘मूल्य’ असें भारदस्त नांव दिलें आहे, आणि तिचा वांटा शेंकडा ३५ आहे. पैशानें खेळाडू मिळतात, खेळाडूंनीं गुण मिळतात, गुणांनीं पुन्हां पैसा मिळतो. ग्राझच्या किंवा ब्रातिस्लाव्हाच्या संघानें या चक्रांत शिरावें कोठून?

१८ एप्रिल २०२१ रोजीं युरोपांतील बारा धनाढ्य क्लबांनीं आपली निराळी ‘सुपर लीग’ काढल्याचें जाहीर केलें. संस्थापकांस तींत कायमची जागा असावयाची होती. प्रेक्षक रस्त्यावर उतरले, आणि तो बेत दोन-तीन दिवसांत कोसळला. संघटनेनें त्या क्लबांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. पण दुसऱ्याच दिवशीं, १९ एप्रिलला, तिनें स्वतः जी योजना मंजूर केली तींत, देशांतील क्रमावरून थेट पात्र न ठरलेल्या दोन क्लबांस मागील पराक्रमाच्या गुणांकावर आंत घेण्याची तरतूद होती. मे २०२२ मध्यें ती मागें घेतली गेली, हें बरें झालें. तिच्या जागीं आदल्या हंगामांत सर्वोत्तम ठरलेल्या दोन देशांस एकेक जादा जागा देण्याचें ठरलें. त्या पहिल्या वर्षीं इटली व जर्मनीस मिळाल्या, दुसऱ्या वर्षीं इंग्लंड व स्पेनला. आणि २०२५-२६ मध्यें छत्तिसांत सहा संघ एकट्या इंग्लंडचे झाले. जो आधींच भरलेला आहे त्यासच आणखी वाढावयाचें, ही रीत बदलली नाहीं.

हल्लींचें आर्थिक चक्र २०२७ पर्यंतचें आहे, तेव्हां फेरविचारास वेळ आहे. देशाच्या गुणांकाचा पांचवा हिस्सा क्लबाच्या खात्यांतून काढावा, प्रवेशाची ओवाळणी बंद करावी, विजेत्यांस पहिल्या भांड्यांत परत आणावें, आणि जुन्या पराक्रमावर एक युरोही वांटूं नये. जुलै महिन्यांत मोठे संघ विश्रांति घेत असतां लहान देशांचे विजेते पात्रता-फेऱ्या खेळूं लागतात. त्यांतील कांहींस साखळी गांठण्यापूर्वीं चार-चार प्रतिस्पर्धी हरवावे लागतात. तेथेंही याच वहीवरून मानांकित व अमानांकित असे दोन वर्ग पाडले जातात. निदान या फेऱ्यांत तरी सर्वांची चिठ्ठी एकाच भांड्यांतून निघावी.